४८ × ६४ पिक्सेलचा ढोलवादक: फ्लेक्स, स्टिकर आणि टी-शर्टसाठी व्हेक्टर कसा करावा?

ओम_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्या ढोल-ताशा पथकाचं बोधचिन्ह म्हणून एका ढोलवादकाचं पिक्सेल चित्र ठरलंय. एसेप्राइट या पिक्सेल चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं, ४८ × ६४ पिक्सेल, नऊ रंग, मागची बाजू पारदर्शक. डोक्यावर फेटा, अंगात पांढरा सदरा, कमरेला ढोल, हातात तिरकं टिपरू. टिपरू एकाच पिक्सेलच्या जाडीचं आहे आणि ढोलाच्या पिंपावर गडद-फिकट ठिपक्यांचं डिदरिंग आहे.

हे तीन ठिकाणी लागणार: सरावाच्या जागी ६ × ८ फुटांचा फ्लेक्स, ढोल नेणाऱ्या टेंपोवर विनाइल कटिंगचे स्टिकर (साधारण सव्वा फूट उंच) आणि टी-शर्ट. गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे फायली एकदाच नीट करून द्यायच्या आहेत.

व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी आखलेलं, कितीही मोठं करता येणारं चित्र) करायला कोरलड्रॉमध्ये ट्रेस केलं, म्हणजे चित्रावरून रेषा आपोआप काढून घेतल्या, की सगळे कोपरे गोल होतात, टिपऱ्याचे तुकडे पडतात आणि डोळे गायब होतात. एसेप्राइटमधून थेट एसव्हीजी ही व्हेक्टर फाइल काढली तर ब्राउझरमध्ये झूम केल्यावर चौकोनांच्या मधून बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. शिवाय ध्वज घेतलेल्या मुलीचं दुसरं चित्र आहे, त्याची मूळ फाइल नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेली १०२४ × १३६५ ची जेपीजी तेवढी हाताशी आहे. त्यातून काही निघेल का?


रेषाबिंदू

ओम, आधी एक ठरव. चौकोन चौकोनच ठेवायचेत, की पायऱ्या मोडून गुळगुळीत वळणं हवीत? ही दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि दोन्हींची साधनंही वेगळी. तुझ्या वर्णनावरून चौकोन ठेवायचे असावेत, म्हणून त्याचंच सांगतो.

कोरलचं पॉवरट्रेस, पोट्रेस हे मोफत साधन आणि इंकस्केप या मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअरचं नेहमीचं ट्रेस बिटमॅप ही स्कॅन केलेल्या चित्रांसाठी बनलेली साधनं आहेत. कडेवर पायरी दिसली की ती मुळातल्या सरळ किंवा वक्र रेषेची खूण आहे असं ती धरून चालतात आणि पायरी पुसून टाकतात. मोठ्या स्कॅनवर ते योग्यच असतं. पण ४८ × ६४ मध्ये प्रत्येक पायरी काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. डोळे जातात ते ठिपके गाळण्याच्या मर्यादेमुळे. पोट्रेसमध्ये ही मर्यादा मुळात २ असते, म्हणजे दोन पिक्सेलपर्यंतचा ठिपका कचरा समजून काढला जातो. ती शून्य केलीस आणि कोपरे किती गोल करायचे ते ठरवणारा अल्फामॅक्सही शून्य केलास, तरी पायऱ्यांच्या जागी तिरक्या सरळ रेषाच मिळतील, कारण पोट्रेस कमीत कमी बाजूंचा बहुभुज शोधतो.

म्हणून इथे ट्रेस करायचंच नाही. पिक्सेलच्या कडा नेमक्या कुठे आहेत हे आपल्याला आधीच माहीत आहे, अंदाज कशाला बांधायचा?

एसेप्राइटचं एसव्हीजी प्रत्येक भरलेल्या पिक्सेलमागे एक स्वतंत्र चौकोन लिहितं. चित्रात २,००० भरलेले पिक्सेल असतील तर २,००० चौकोन, आणि फाइल सहज १०० केबीच्या वर. भूमिती मात्र तंतोतंत बरोबर असते. ती इंकस्केपमध्ये उघड. कुठलाही एक भगवा चौकोन निवड, मग एडिट मेनूतून सिलेक्ट सेम, फिल कलर. सगळे भगवे चौकोन निवडले जातील. आता पाथ मेनूतून युनियन, म्हणजे सगळे जोडून एक आकृती. असं नऊ रंगांसाठी नऊ वेळा केलंस की २,००० चौकोनांच्या जागी नऊ आकृत्या उरतात. यानंतर सिंप्लिफायला हात लावू नकोस, ते कोपऱ्यांना वळण देतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तपासायची सोपी रीत: एसव्हीजी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाथची (आकृतीच्या रेषेची) ओळ बघ. एम, एल, एच, व्ही, झेड एवढीच अक्षरं असतील तर सगळं सरळ रेषांत आहे. सी किंवा क्यू दिसलं की कुठेतरी वक्र घुसलाय.

पायथन येत असेल तर याहून स्वच्छ काम होतं. एकेका रंगासाठी त्याच्या प्रत्येक पिक्सेलच्या चार कडा घड्याळाच्या दिशेने लिहायच्या: वरची डावीकडून उजवीकडे, उजवी वरून खाली, खालची उजवीकडून डावीकडे, डावी खालून वर. शेजारच्या दोन पिक्सेलची सामाईक कड दोनदा येते, पण उलट दिशांनी. अशा जोड्या खोडून टाक. उरलेल्या कडा म्हणजे त्या रंगाची बाह्यरेषा आणि आतल्या भोकांच्या रेषा. त्या टोकाला टोक लावून साखळीत जोडायच्या, सरळ रेषेत आलेले मधले बिंदू काढायचे आणि भरायचा नियम ईव्हनऑड ठेवायचा. भोकं आपोआप मोकळी राहतात.

यात एकच अवघड जागा आहे. दोन पिक्सेल फक्त कोपऱ्याला टेकतात तिथे एकाच बिंदूतून दोन कडा बाहेर पडतात, मग पुढची कोणती घ्यायची? उजवीकडे वळलास तर दोन पिक्सेल सुटे राहतात, डावीकडे वळलास तर एकाच आकृतीत जोडले जातात. पडद्यावर काही फरक दिसत नाही, पण कटिंगला मोठा फरक पडतो. तुझं टिपरू म्हणजे अशा कोपऱ्यांचीच रांग आहे.

आता पांढऱ्या रेघा. दोन चौकोनांची सामाईक कड पडद्याच्या एका पिक्सेलच्या मधोमध आली असं समज. पहिला चौकोन त्या पिक्सेलचा अर्धा भाग झाकतो, म्हणून तिथे ५० टक्के त्याचा रंग आणि ५० टक्के मागचा पांढरा. दुसरा चौकोन उरलेला अर्धा झाकतो, पण रेंडररला (चित्र पडद्यावर काढणाऱ्या भागाला) हे कळत नाही. तो दुसऱ्याचा रंग आधीच्या मिश्रणावर ५० टक्के चढवतो. शेवटी पांढरा २५ टक्के शिल्लक राहतो आणि तीच तुझी रेघ. युनियन केल्यावर एकाच रंगाच्या आतल्या रेघा जातात, दोन रंगांच्या सीमेवरच्या मात्र राहतात.

वेबपुरतं असेल तर एसव्हीजीतल्या शेप-रेंडरिंग या गुणधर्माला क्रिस्पएजेस ही किंमत दे, आणि जमेल तिथे चित्र पूर्ण पटीत दाखव: ९६ × १२८, १४४ × १९२ असं. कोरल किंवा छपाईच्या सॉफ्टवेअरकडून क्रिस्पएजेसची अपेक्षा ठेवू नकोस. त्यांच्यासाठी थर एकमेकांवर रचायचे. सगळ्यात खाली अख्ख्या आकृतीची एकसंध छाया, तीही बाह्यरेषेच्या गडद रंगात. तिच्यावर बाकीचे रंग. मग फट पडलीच तर तिच्यातून पांढरं न दिसता गडद दिसतं, आणि गडद बाह्यरेषेच्या चित्रात ते डोळ्याला जाणवत नाही.

व्हीट्रेसर नावाचं मोफत साधनही आहे. त्यात पिक्सेल मोड आहे आणि थर रचण्याचा स्टॅक्ड पर्यायही. ठिपके गाळण्याची मर्यादा शून्य, रंगांची अचूकता ८ बिट आणि थरांमधला रंगफरक कमीत कमी ठेव. मूळ किमतींवर चालवलंस तर जवळच्या छटा एक होतात.


नवीपेठ_प्रिंट

वरचं सगळं बरोबर आहे, पण फ्लेक्ससाठी यातलं काहीच करायची गरज नाही.

६ × ८ फुटांवर ४८ × ६४ पिक्सेल म्हणजे चित्रातला एक पिक्सेल बरोबर दीड इंचाचा. ४८ × ६४ ची पीएनजी तशीच दिली तर दुकानातलं सॉफ्टवेअर ती मोठी करताना रंग मिसळतं आणि कडा इंच-दीड इंच पसरतात. तीच फाइल आधी ४० पट केली, नीअरेस्ट नेबरने (रंग न मिसळता पिक्सेल नुसते मोठे करणाऱ्या पद्धतीने), तर १९२० × २५६० होते. आता छपाईच्या वेळी जो काही मऊपणा येईल तो दीड इंचाच्या चाळिसाव्या भागाइतका, म्हणजे एक मिलिमीटरच्या आत. फ्लेक्सवर रस्त्याच्या पलीकडून बघताना तो दिसणार नाही.

गिम्पमध्ये इमेज, स्केल इमेज, इंटरपोलेशन नन. एसेप्राइटमध्ये स्प्राइट साइज आणि नीअरेस्ट नेबर. पट नेहमी पूर्ण संख्येतच.

त्याआधी कॅनव्हास चारही बाजूंनी दोन-दोन पिक्सेलने वाढवा, ५२ × ६८ करा. म्हणजे प्रत्येक बाजूला तीन इंच जादा मिळतात, कारण फ्लेक्स चौकटीवर गुंडाळून मागे ठोकला जातो आणि तेवढा भाग दिसत नाही. ही पट्टी पारदर्शक न ठेवता पार्श्वभूमीच्या रंगाने भरा. छपाईचं माप मग ६.५ × ८.५ फूट सांगायचं, नाहीतर दुकानात ५२ × ६८ ला ६ × ८ मध्ये बसवतील आणि चौकोन लांबट होतील.

फाइल पीएनजी किंवा टिफ द्या आणि जेपीजी करू नका असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की आकारही बदलतो आणि जेपीजीही होते.

रंगाचं एक. पडद्यावरचा झगझगीत भगवा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया: सी निळसर, एम गुलाबी, वाय पिवळी, के काळी) तसा उतरत नाही, मळका होतो. दुकानावर सोडू नका. एम ६० ते ७०, वाय १००, सी आणि के शून्य असं स्वतः ठरवून द्या आणि त्याच मशीनवर वीतभर तुकड्याचा नमुना छापून बघा.


पेठेतला_प्लॉटर

स्टिकरला मात्र व्हेक्टरशिवाय इलाज नाही. आणि पडद्यावर छान दिसणारा व्हेक्टर प्लॉटरवर (विनाइल कापणाऱ्या मशीनवर) चालेलच असं नसतं.

प्लॉटरचं पातं रंग बघत नाही, पाथ बघतं. युनियन न केलेली फाइल दिली तर ते २,००० चौकोन एकेक करून कापतं, प्रत्येक सामाईक कड दोनदा. विनाइल चिंधड्या होऊन पात्याबरोबर वर येतं. काही ऑनलाइन कन्व्हर्टर याच्या उलट गंमत करतात: प्रत्येक ओळीत सलग असलेले पिक्सेल एका जाड रेषेने काढतात. भरलेली आकृती तिथे नसतेच. ब्राउझरमध्ये तंतोतंत चित्र दिसतं, पण प्लॉटर त्या रेषांच्या मधोमध नुसते आडवे काप मारतो. अशी फाइल असेल तर आधी स्ट्रोक टू पाथ (जाड रेषेची भरलेली आकृती करणं), मग युनियन. कोरलमध्ये युनियनला वेल्ड म्हणतात. द्यायच्या आधी व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम चालू करून बघावं. तिथे जेवढ्या रेघा दिसतील तेवढेच काप पडणार.

मापं: एका पिक्सेलला ६ मिमी धरा. म्हणजे स्टिकर २८८ × ३८४ मिमी होतो आणि २४ इंची प्लॉटरवर दोन शेजारी शेजारी बसतात. ४ मिमीच्या खाली गेलात तर सुटे पिक्सेल ट्रान्सफर टेपवर (कापलेला स्टिकर उचलून चिकटवायची टेप) नीट उचलले जात नाहीत. डोळ्यासारखा एकटा पिक्सेल पहिला निसटतो.

आता टिपरू. कोपऱ्याला कोपरा टेकलेले चौकोन गणिताने जोडले तरी तिथली जाडी शून्यच. काप पडला की प्रत्येक चौकोन सुटा. उपाय असा: त्या रंगाच्या आकृतीला त्याच रंगाचा स्ट्रोक द्या, जाडी पिक्सेलच्या पाचव्या भागाइतकी, म्हणजे १.२ मिमी. जॉइन मायटर (टोकदार कोपरा) ठेवा, राउंड नको. स्ट्रोक टू पाथ करून मूळ आकृतीशी युनियन करा. आकृती चहूबाजूंनी ०.६ मिमी वाढते आणि तिरके शेजारी एकमेकांत १.२ × १.२ मिमी घुसतात. तिथला गळा कर्णावर मोजला तर सुमारे १.७ मिमी येतो. चांगल्या विनाइलला तेवढा पुरतो. बदल्यात एका पिक्सेलची भोकं ६ मिमीची ४.८ मिमी होतात, ते चालवून घ्यावं लागतं.

नऊ रंगांचे नऊ थर टेंपोवर चिकटवू नका. कडा उचलल्या जातात आणि पावसात पाणी शिरतं. काळी अखंड छाया, तिच्यावर भगवा, पांढरा आणि तपकिरी, आणि हे तिघं एकमेकांवर न येता काळ्यावर शेजारी शेजारी. म्हणजे कुठेही दोनच थर. मध्ये अर्धा मिमी काळं दिसलं तरी चित्राची बाह्यरेषाच वाटते. डिदरिंग काढून टाका, ६ मिमीचा बुद्धिबळाचा पट कापून वेचत बसणं व्यवहार्य नाही. नऊच्या नऊ रंग हवेच असतील तर प्रिंट-अँड-कट (आधी छापून मग बाहेरून कापणं) करा. मग व्हेक्टर फक्त बाहेरच्या रेषेपुरता लागतो.


रेषाबिंदू

@पेठेतला_प्लॉटर, स्ट्रोक सगळ्या आकृतीला देण्यापेक्षा जिथे कोपरे टेकतात तिथेच छोटा तिरका चौकोन टाकून युनियन केलं तर बाकीच्या कडा जागच्या जागी राहतात. सदऱ्याच्या बटणांची एका पिक्सेलची भोकं तरी वाचतील.


पेठेतला_प्लॉटर

@रेषाबिंदू, स्क्रिप्टने करणार असाल तर हो, तेच चांगलं. हाताने करताना एखादा कोपरा राहून जातो आणि तो विनाइल सोलतानाच कळतो. आणखी एक: तिरक्या चौकोनाचा कर्ण किमान २ मिमी ठेवा. ओढून कापणाऱ्या पात्याचं टोक अक्षापासून थोडं सरकलेलं असतं, बहुतेक वेळा पाव मिमी. ऑफसेट नीट भरलेला नसेल तर कोपरे आतून खाल्ले जातात आणि बारीक गळा तुटतो.


ओम_कोथरूड

खूप आभार. चौकोनच ठेवतो. नऊही रंगांचं युनियन झालं, पाथमध्ये एच आणि व्हीच दिसताहेत.

टी-शर्टच्या पाठीवर मात्र सगळ्यांना गुळगुळीत वळणांचा ढोल हवाय, पुढे छातीवर पिक्सेलवाला. इंकस्केपमधल्या पिक्सेल आर्ट टॅबमधून काढलं तर काहीच बदललं नाही, तेच चौकोन आले. आणि जेपीजीबद्दल कोणी सांगेल का?


जुने_स्प्राइट

ओम, तू मोठी केलेली पीएनजी दिलीस असं दिसतंय. त्या टॅबला मूळ आकाराचंच चित्र लागतं, ४८ × ६४. दहा पट मोठं दिलं तर त्याला एकेक पिक्सेल म्हणजे १० × १० चा सपाट ठोकळा दिसतो आणि तो ठोकळाच इमानाने काढून देतो.

त्यामागची पद्धत योहानेस कॉफ आणि दानी लिशिन्स्की यांची, २०११ च्या सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत मांडलेली. इंकस्केपमध्ये ती ०.९१ या आवृत्तीपासून लिबडीपिक्सेलाइझ या लायब्ररीतून आली. ती कशी चालते हे माहीत असलं की कुठे फसणार हे आधीच दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रत्येक पिक्सेल आपल्या आठ शेजाऱ्यांपैकी सारख्या रंगाच्यांशी जोडला जातो. २ × २ च्या ज्या चौकटीत दोन्ही कर्ण जोडता येतात, तिथे एक तोडावा लागतो, कारण रेषा एकमेकींना छेदून चालत नाहीत. कोणता तोडायचा हे तीन कसोट्यांवर ठरतं. कर्ण लांब रेषेचा भाग असेल तर तो राखायचा. आसपासच्या ८ × ८ च्या खिडकीत जो रंग कमी ठिकाणी आहे तो पुढचा आकार आणि जास्त पसरलेला तो पार्श्वभूमी, म्हणून कमी असलेला राखायचा. आणि तोडल्यामुळे एखादा पिक्सेल एकटा पडत असेल तर तोडायचा नाही. इंकस्केपमधले कर्व्हज, स्पार्स पिक्सेल्स आणि आयलंड्स हे आकडे म्हणजे याच तीन कसोट्यांची वजनं: मुळात अनुक्रमे १, १ आणि ५. स्पार्स पिक्सेल्सची त्रिज्या ४, तीच ती ८ × ८ ची खिडकी. यानंतर जोडण्यांप्रमाणे पिक्सेलचे आकार बदलतात (व्होरोनॉय पर्याय एवढ्यावरच थांबतो) आणि रंगांच्या सीमांवर बी-स्प्लाइन (गुळगुळीत वक्र) बसवले जातात.

तुझं टिपरू यात सुंदर येईल. लांब तिरकी रेष ही या पद्धतीची सगळ्यात सोपी परीक्षा आहे. डिदरिंग मात्र नक्की बिघडणार. बुद्धिबळाच्या पटात प्रत्येक २ × २ मध्ये दोन्ही कर्ण जुळतात आणि तिन्ही कसोट्या जवळजवळ बरोबरीत सुटतात, त्यामुळे पिंपावर वेड्यावाकड्या जाळ्या उमटतात. ट्रेस करण्याआधी पिंपाची सावली एका सपाट मधल्या रंगाने भर. तसंच फेट्याच्या कडेला हाताने अँटीअलियासिंग केलेलं असेल, म्हणजे भगवा आणि काळा यांच्यामधली तपकिरी छटा एकेक पिक्सेल ठेवलेली असेल, तर ती बाजूच्या दोनपैकी एका रंगात मिसळून टाक. नाहीतर प्रत्येक छटेची वेगळी कातळी निघते. या पद्धतीला जुन्या खेळांसारखं मोजक्या सपाट रंगांचं, कडक कडांचं चित्र मानवतं.

म्हणून क्रम असा: नऊ रंगांचे पाच-सहा करायचे, ४८ × ६४ ची पीएनजी एम्बेड करून इंपोर्ट करायची, पाथ मेनूतून ट्रेस बिटमॅप, पिक्सेल आर्ट टॅब, बी-स्प्लाइन्स. चेहऱ्यावर डोळा आणि मिशी एकमेकांना चिकटली तर आयलंड्सचा आकडा कमी-जास्त करून बघ.

पण ढोल स्वतः ट्रेस करू नकोस. १८ पिक्सेलच्या वर्तुळाला बी-स्प्लाइन लावले की कडेला सूक्ष्म खळगे राहतात आणि पाठीवर फूटभर मोठा छापल्यावर ते डोळ्यात भरतात. तिथे लंबवर्तुळाचं साधन वापर. पीएनजी मागे ठेवून तिचं इमेज रेंडरिंग ब्लॉकी कर आणि लेयर लॉक कर. नवी कड पायऱ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवरून न नेता पायऱ्यांच्या मध्यांवरून ने. कोपऱ्यांवरून नेलीस तर आकार सगळीकडे साधारण अर्धा पिक्सेल फुगतो, आणि एका पिक्सेलची बाह्यरेषा असलेल्या चित्रात अर्धा पिक्सेल म्हणजे खूप झाला. ढोलाच्या दोऱ्याही अशाच, एका युनिट जाडीचे सरळ स्ट्रोक. चेहरा, बोटं आणि फेट्याचा तुरा एवढंच ट्रेसमधून घ्यावं, असं माझं ठाम मत.


स्वाती_स्क्रीन

जेपीजीतून चित्र परत मिळेल, कारण ठोकळे मोठे आहेत. १०२४ ला ४८ ने भागलं तर २१.३३ येतात, १३६५ ला ६४ ने भागलं तरी तेवढेच. म्हणजे चित्र त्याच जाळीचं आहे आणि कातरलेलं नाही. तरीही झूम करून दोन-चार ठिकाणी ठोकळ्याची रुंदी २१-२२ पिक्सेल भरते ना, हे मोजून घ्या.

थेट ४८ × ६४ ला लहान करू नका. सरासरी घेणाऱ्या पद्धतीने रंग मिसळतात, आणि इंटरपोलेशन ननने एकच पिक्सेल उचलला जातो, जो जेपीजीच्या डागाचा असू शकतो. प्रत्येक ठोकळ्याच्या मध्याभोवती ९ × ९ चा तुकडा घ्या आणि त्याच्या तिन्ही वाहिन्यांचा (लाल, हिरवा, निळा) मध्यक काढा. मध्य काढायचं सूत्र: स्तंभाचा क्रमांक शून्यापासून धरून त्यात ०.५ मिळवा आणि २१.३३ ने गुणा. पहिला १०.६७ वर, दुसरा ३२ वर, तिसरा ५३.३ वर. २१ हा पूर्णांक धरून चाललात तर शेवटच्या स्तंभापर्यंत १६ पिक्सेलची चूक साठते आणि शेजारचा ठोकळा वाचला जातो. कडेचे सहा पिक्सेल सोडायचे ते जेपीजीमुळे. त्यात रंगाची माहिती बहुधा निम्म्याच बारकाईने साठवलेली असते, म्हणून भगवा शेजारच्या पांढऱ्यात उतरतो.

मिळालेला प्रत्येक रंग ढोलवादकाच्या नऊ रंगांपैकी सगळ्यात जवळच्या रंगाला जोडा. अंतर लॅबमध्ये (डोळ्याला जाणवणाऱ्या फरकानुसार रंग मोजण्याच्या पद्धतीत) मोजा, आरजीबीमध्ये गडद तपकिरी आणि काळा यांची गल्लत होते. पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून पंचवीस-तीस ओळींचं काम आहे.

पार्श्वभूमीचा सापळा राहिला. जेपीजीत पारदर्शकता नसते, त्यामुळे मागचं पांढरं आणि सदऱ्याचं पांढरं एकच झालं असणार. रंग निवडून पुसलंत तर सदराही जाईल. गिम्पमध्ये फझी सिलेक्टने बाहेरच्या भागावर क्लिक करा आणि डायगोनल नेबर्स बंद ठेवा, नाहीतर निवड बाह्यरेषेच्या तिरक्या कोपऱ्यांमधून आत गळते. हात आणि कंबर यांच्यात अडकलेली पार्श्वभूमी वेगळी क्लिक करून काढावी लागेल.

टी-शर्टचं. स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर प्रत्येक रंगाला एक स्क्रीन, म्हणून चार रंगांत बसवा. काळा टी-शर्ट घेतलात तर बाह्यरेषा छापायचीच नाही, कापडच बाह्यरेषा. एका पिक्सेलला ५ मिमी धरलं तर २४० × ३२० मिमी होतं आणि फिल्म (स्क्रीन बनवायची पारदर्शक पट्टी) ए३ वर मावते. काळ्या कापडावर रंगांखाली पांढरा थर लागेल. तो वरच्या रंगापेक्षा सगळीकडून ०.३ मिमी आत घ्या, नाहीतर नोंदणी (थरांची एकमेकांवरची जुळणी) केसभर सरकली तरी भगव्याच्या कडेला पांढरी रेघ दिसते. फिल्मसाठी प्रत्येक थर वेगळ्या पानावर, के १०० मध्ये (पूर्ण काळ्यात), चारही कोपऱ्यांना नोंदणीच्या खुणांसह.


ओम_कोथरूड

जेपीजीतून मुलीचं चित्र निघालं, ध्वजाच्या काठीजवळचे दोन-तीन पिक्सेल हाताने दुरुस्त केले. शेवटचा प्रश्न: एसव्हीजी दुकानातल्या कोरलमध्ये उघडली तर बोटाएवढीच दिसते. माप कुठे चुकतंय?


रेषाबिंदू

फाइलमध्ये फक्त व्ह्यूबॉक्स (चित्राची आतली मोजपट्टी) असेल किंवा रुंदी-उंची एककाशिवाय लिहिलेली असेल, तर प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या सोयीने अर्थ लावतं. एक इंच ७२ युनिटचा धरायचा, ९० चा की ९६ चा, यावर ४८ चं माप बदलतं. इंकस्केपनेच ०.९२ मध्ये ९० सोडून ९६ धरलं. म्हणून व्ह्यूबॉक्स ० ० ४८ ६४ ठेव आणि रुंदी २८८ मिमी, उंची ३८४ मिमी असं एककासकट लिही. मग एक युनिट बरोबर ६ मिमी. दुकानात द्यायला त्यातूनच पीडीएफ काढ, तिच्यात माप आणि पाथ दोन्ही टिकतात.


पेठेतला_प्लॉटर

आणि पीडीएफच्या एका कोपऱ्यात १०० × १०० मिमीचा चौकोन वेगळ्या लेयरवर ठेवा. उघडल्यावर आधी तो मोजायचा, बरोबर असेल तर लेयर बंद करून कटिंगला पाठवायचं.